सत्ताधारी बाकावरचा प्रश्नकर्ता : फिरोझ गांधी

आमच्या येलदरीच्या घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तिच्यात आजीची नऊवारी, शेताचे सातबारे, आजोबांचे धरणावरचे ओळखपत्र आणि तेलकट झालेल्या लिफाफ्यात एक विमा पॉलिसी आहे. कागदावर दोन ओंजळींच्या आड तेवणारी ज्योत आहे आणि तिच्याखाली गीतेच्या नवव्या अध्यायातले शब्द आहेत. आजोबा पूर्णा प्रकल्पावर आधी माती टाकायला आणि पुढे हजेरी घ्यायला होते. येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले. त्याच्या पाच वर्षे आधी जिंतूरहून सायकलवर येणाऱ्या एका विमा एजंटाने आजोबांना दोन हजार रुपयांची ही पॉलिसी घ्यायला लावली. हाली शिक्क्याचे रुपये ज्यांनी लहानपणी हाताळले, कागदावर ज्यांचा सहसा विश्वास नव्हता, अशा माणसाने वीस वर्षे हप्ते भरले. ते पैसे कोठे जातात, त्यांतून कोणाचे शेअर विकत घेतले जातात, हे त्यांना कधी कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

ते विचारणारा एक माणूस मात्र होऊन गेला. आजोबांची पॉलिसी निघण्यापूर्वीच तो वारला होता. त्याचे आडनाव आपल्या सर्वांच्या तोंडी आहे, पण ते दुसऱ्यांच्या संदर्भात. पंतप्रधानांचा जावई, पंतप्रधानांचा पती, पंतप्रधानांचा पिता अशी तिहेरी ओळख ज्याच्या वाट्याला आली, त्याची स्वतःची ओळख त्या तिन्हींच्या ओझ्याखाली दबून गेली. राज्यशास्त्राच्या आमच्या वर्गात फिरोझ गांधींचे नाव निघाले तेव्हा निम्म्या वर्गाची समजूत अशी होती की ते महात्मा गांधींच्या नात्यातले असावेत. प्रस्तुत लेख लिहावासा वाटला तो त्या दिवशी.

फिरोझ जहांगीर गांधी यांचा जन्म १२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईत कोटातल्या एका पारशी इस्पितळात झाला. घराणे मूळचे भडोचचे. वडील जहांगीर फरेदून हे बोटींवरचे इंजिनिअर, आई रतीमाई. पाच भावंडांत फिरोझ धाकटे. घर खेतवाडीत होते, म्हणजे गिरगावच्या मराठी वस्तीला लागूनच. वडील लवकर वारले आणि फिरोझ आईबरोबर अलाहाबादला गेले. तेथे त्यांची मावशी डॉ. शिरीन कमिसारियत लेडी डफरिन इस्पितळात शल्यचिकित्सक होती. तिच्याच छायेत ते वाढले. मुंबईतल्या बालपणाचा त्यांच्या पुढच्या आयुष्याशी संबंध एवढाच की ज्या प्रकरणाने त्यांचे नाव झाले त्याची चौकशी अखेर याच शहरात भरली.

अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन कॉलेजात ते शिकत असताना १९३० सालचा सत्याग्रह सुरू झाला. कॉलेजच्या दारात स्त्रियांचे निरोधन चालले होते. उन्हाने कमला नेहरूंना घेरी आली. भिंतीवर बसून गंमत पाहणाऱ्या मुलांपैकी फिरोझ खाली उतरले आणि त्यांनी त्यांना सावलीत नेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे कॉलेज सुटले. ही हकिकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला दंतकथेची कळा आली आहे. पण त्याच वर्षी ते तुरुंगात गेले ही गोष्ट खरी. फैजाबादच्या तुरुंगात लालबहादूर शास्त्री त्यांचे सोबती होते. पुढे संयुक्त प्रांतातल्या साराबंदीच्या चळवळीत १९३२ व १९३३ साली पुन्हा कारावास झाला. आडनावाच्या इंग्रजी वर्णांची मांडणी त्यांनी याच काळात गांधीजींसारखी करून घेतली असे सांगतात.

कमला नेहरूंना क्षय जडला तेव्हा भोवालीच्या आरोग्यधामात आणि नंतर युरोपात फिरोझ त्यांच्या शुश्रूषेला होते. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले तेव्हाही ते जवळ होते. लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध विद्यालयात अध्ययन केले. तेथल्या दिवसांत इंदिरा नेहरूंशी असलेली ओळख दृढ झाली आणि २६ मार्च १९४२ रोजी आनंदभवनात दोघांचा विवाह झाला. धर्म वेगळे असल्यामुळे देशभरातून रागाची पत्रे आली. गांधीजींनी आपल्या साप्ताहिकातून विवाहाची बाजू घेतली तेव्हा कोठे गिल्ला थोडा शमला. सहा महिन्यांच्या आत छोडो भारत चळवळीत नवरा-बायको दोघेही तुरुंगात होते. १९४६ साली फिरोझ लखनौला नॅशनल हेरल्ड या दैनिकाचे व्यवस्थापक झाले. वर्तमानपत्र कोणाच्या पैशावर चालते, जाहिरात देणारा काय अपेक्षितो, कागद कोण पुरवतो, हे त्यांनी तेथे आतून पाहिले. पुढच्या कामगिरीच्या दृष्टीने लंडनच्या अध्ययनापेक्षा हे शिक्षण अधिक उपयोगी पडले असावे, असे मला वाटते.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते रायबरेलीहून लोकसभेवर गेले. आणि मग जवळजवळ चार वर्षे ते गप्प बसले. पंतप्रधानांचा जावई म्हणून सभागृहाने त्यांची फारशी दखल घेतली नव्हती. या चार वर्षांत ते मध्यवर्ती दालनाच्या एका कोपऱ्यात बसत, माणसे जमवीत, ऐकत. त्या कोपऱ्याला पुढे त्यांचेच नाव पडले. विरोधी पक्षाचे सभासद, पत्रकार, कचेऱ्यांतली माणसे तेथे येत. ग्रंथालयातून कंपन्यांचे ताळेबंद काढून ते वाचीत बसत. आपल्याकडे गप्प बसलेल्या माणसाला निष्क्रिय समजण्याची चाल आहे. सभागृहाचीही तीच समजूत होती.

६ डिसेंबर १९५५ रोजी ते बोलायला उभे राहिले. विषय होता विमा कंपन्यांचा कायदा. दालमिया उद्योगसमूहाच्या हाती भारत इन्शुरन्स ही विमा कंपनी होती, बँक होती आणि इतर कंपन्याही होत्या. विमा उतरवणाऱ्या हजारो लोकांचा पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात कसा फिरवला जातो, त्याच पैशावर नवनव्या कंपन्या कशा खरेदी केल्या जातात आणि देशातले एक मोठे वृत्तपत्र-प्रकाशनगृह ताब्यात घेण्यासाठी याच निधीचा आधार कसा घेतला गेला, हे त्यांनी आकड्यांनिशी, कंपनीमागून कंपनी अशा क्रमाने मांडले. आवाज चढवला नाही. ज्यांनी त्या दिवसापर्यंत त्यांना जावई म्हणूनच ओळखले होते ते सभासद वळून त्यांच्याकडे पाहू लागले.

या प्रकरणात रामकृष्ण दालमिया यांच्यावर खटला भरला गेला. विमा कंपनीच्या दोन कोटींच्या वर रकमेचा अपहार सिद्ध होऊन त्यांना दोन वर्षांची सजा झाली. दालमिया-जैन समूहाच्या कंपन्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचे प्रमुख मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर. आयोगालाच आव्हान देणारा जो दावा सर्वोच्च न्यायालयात गेला त्याचा १९५८ चा निकाल विधी शाखेचे विद्यार्थी आजही तेंडोलकरांच्या नावाने अभ्यासतात.

याहून मोठा परिणाम दुसराच झाला. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर बोलले आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतल्याचे त्यांनी देशाला सांगितले. बेत इतका गुप्त ठेवला होता की कंपन्यांना दप्तरे हलवायला सवड मिळू नये. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या या कोकणी माणसाने एका रात्रीत २४५ विमा संस्था सरकारच्या हाती आणल्या. त्यांत १५४ भारतीय, १६ परदेशी आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था होत्या. १ सप्टेंबर १९५६ रोजी पाच कोटींच्या भांडवलावर आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. मुख्य कचेरी मुंबईला झाली. मात्र तोवर चिंतामणराव मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून गेले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या संदर्भात आपण त्यांचा राजीनामा आठवतो, विम्याचे राष्ट्रीयीकरण विसरतो.

आता एक प्रश्न सरळच उभा राहतो. खाजगी मालक विमाधारकांचा पैसा लांबवीत होते म्हणून धंदा सरकारकडे आला. सरकारकडून तोच पैसा कोणी लांबवला तर विचारायचे कोणाला? सर्वोच्च खुर्चीशी नाते असलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा याची कोणी अपेक्षा केली नव्हती.

त्याआधी फिरोझ यांनी आणखी एक काम करून ठेवले होते. लोकसभेत सभासद काय बोलला याबद्दल त्याच्यावर खटला भरता येत नाही, हे संरक्षण घटनेच्या १०५ व्या कलमाने त्याला दिले आहे. पण तेच भाषण वर्तमानपत्राने छापले तर छापणाऱ्यावर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकत असे. म्हणजे सभागृहात धनिकाविरुद्ध कितीही पुरावा मांडला तरी तो सभागृहाच्या भिंतींबाहेर यायचा नाही. फिरोझ यांनी खाजगी विधेयक आणले : संसदेतल्या कामकाजाचा जो वृत्तान्त खरा आहे आणि द्वेषबुद्धीने छापलेला नाही, त्याबद्दल पत्राला शिक्षा होऊ नये. खाजगी सभासदांची विधेयके बहुधा शुक्रवारच्या दुपारी येतात आणि विरून जातात. हे १९५६ साली कायदा झाले. वृत्तपत्रव्यवसायातल्या लोकांनी त्याला फिरोझ गांधी कायदा असेच नाव दिले. दार आधी करून ठेवावे आणि मग दिवा लावावा, तसे हे झाले.

जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या एका उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. रिचर्डसन अँड क्रूडास, जेसप, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लँप्स, अँजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन ही त्यांची नावे. पहिली कंपनी मुंबईच्या भायखळ्याची. विजेचे दिवे विकण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस शेअर बाजारातल्या हिकमतीने इंग्रजांनी सोडलेल्या मोठमोठ्या कंपन्यांचा धनी झाला होता आणि त्या वेळी कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता. त्याच्या कंपन्यांच्या स्थितीबद्दल बाजारात कुजबूज होती. विमा महामंडळाला गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी जाणकारांची एक समिती होती. तिला या सौद्याबद्दल आधी विचारलेच गेले नाही.

त्यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. शेअरची किंमत बाजारात रोज वरखाली होते. आपल्याला माल विकायचा आहे त्याच्या चार दिवस आधी विकणाऱ्यानेच थोडा थोडा माल चढत्या भावाने घेतला की भाव फुगतो, आणि त्या फुगलेल्या भावाने सगळा साठा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारता येतो. जिंतूरच्या किंवा परभणीच्या मोंढ्यात कापसाचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला ही विद्या शिकवावी लागणार नाही. फरक इतकाच की येथे गिऱ्हाईक म्हणजे लक्षावधी विमाधारक होते आणि त्यांच्या वतीने बोली करणारे दिल्लीत बसलेले होते.

सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत पहिला प्रश्न आला. उत्तर मोघम मिळाले. नोव्हेंबरात पुन्हा विचारणा झाली. मंत्र्यांकडून थोडी अधिक माहिती निघाली, पण सौदा ठरवला कोणी हे बाहेर आले नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोझ उभे राहिले तेव्हा त्यांच्या हाती आकडे तर होतेच, शिवाय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि त्यांचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांच्यातला गोपनीय पत्रव्यवहार होता. सरकारी कपाटातला कागद सरकारी बाकावरून वाचला जात होता. सौद्याच्या आधीच्या दिवसांतले भाव आणि सौद्याच्या दिवसाचे भाव त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. समितीला डावलले का, चढा भाव दिला का, आणि ज्या माणसाच्या कंपन्यांची अवस्था सर्वांना ठाऊक होती त्यालाच सावरण्याची घाई का, असे प्रश्न त्यांनी विचारले. संसदेने जे महामंडळ जन्माला घातले त्यावर संसदेचीच नजर राहिली पाहिजे, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. गुप्त सरकारी कागद बाहेर येणे चांगले की वाईट, याबद्दल आमच्या वर्गात बरीच खडाजंगी झाली. १९२३ च्या गोपनीयतेच्या कायद्याने सरकारी कागद फोडणे हा गुन्हा आहे. सचिवाने मंत्र्याला मोकळेपणाने सल्ला द्यावा, तो उद्या चव्हाट्यावर येईल या भीतीने लेखणी आखडू नये, हे म्हणणे निराधार नाही. आमच्या एका प्राध्यापकांनी हीच बाजू जोरात मांडली आणि मला ती सहज खोडता आली नाही. तरी एक गोष्ट राहतेच. मुंदड्याच्या सौद्यातला कागद झाकून ठेवण्यात सैन्याचे गुपित नव्हते, परराष्ट्राचा संबंध नव्हता. झाकले जात होते ते एका धनिकाचे आणि एका खात्याचे साटेलोटे, आणि ज्यांचा पैसा गेला त्यांनाच ते कळू द्यायचे नव्हते. फिरोझ यांनी ते कागद बाजारात वाटले नाहीत किंवा कोणा पत्राला चोरून दिले नाहीत. जेथे मंत्र्याला समोरासमोर उत्तर देता येते अशाच जागी ते वाचले. मला त्यांची बाजू पटते, पण प्राध्यापकांच्या शंकेचे काटे अजून टोचतात हेही कबूल करतो.

धनकोच्या तालावर दरबाराने नाचणे आपल्या भागाला काही नवीन नाही. परभणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादेत १८१४ च्या सुमारास पामर आणि कंपनी नावाची पेढी निघाली. तिने निजामाच्या सरकारला भरमसाट व्याजाने कर्जे दिली. मुलकी कारभार पाहणारे चंदुलाल तिच्या मुठीत गेले, आणि इंग्रज गव्हर्नर जनरलच्या घरोब्यातला माणूस भागीदार असल्यामुळे कलकत्त्याचे सरकारही डोळेझाक करीत राहिले. रेसिडेंट मेटकाफ याने १८२० नंतर हिशेब तपासायला घेतले तेव्हा वरिष्ठांची गैरमर्जी त्यानेच सोसली. अखेर पेढी बुडाली; तोवर व्याजाचा भार मराठवाड्यातल्या व वऱ्हाडातल्या रयतेच्या साऱ्यातून वसूल होत राहिला होता. त्या रयतेला लोकसभा नव्हती. असो.

मुंदडा प्रकरणी सरकारला चौकशी नेमावीच लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग जानेवारी १९५८ मध्ये मुंबईतच बसला. छागलांनी चौकशी उघड्यावर घेतली. दालनात माणसे मावेनात म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. भारताचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आयोगाच्या साहाय्याला होते आणि त्यांनी सरकारची भीड ठेवली नाही. अर्थमंत्री आले, प्रधान सचिव आले, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि स्टेट बँकेचे अध्यक्ष आले, महामंडळाचे अधिकारी आले, दलाल आले. कलकत्त्याचा घसरता बाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, अशी सफाई देण्यात आली होती. बाजार जाणणाऱ्या साक्षीदारांपुढे ती टिकली नाही. मंत्री म्हणत, मी संमती दिली नव्हती. सचिव म्हणत, मंत्र्यांना ठाऊक होते. ज्या नोकरशाहीत एकेका पेन्सिलीसाठी टिपण लिहिले जाते तेथे सव्वा कोटींचा निर्णय तोंडी झाला होता.

आयोगाचे काम २४ दिवसांत आटोपले. आपल्याकडच्या आयोगांची चाल पाहता हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. सौदा धंद्याच्या तत्त्वाला धरून नव्हता, महामंडळावर सरकारने असा दाब आणणे गैर होते आणि सचिवाच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, असा निष्कर्ष छागलांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. अधिकाऱ्यांच्या वर्तनाची पुढची तपासणी ज्या मंडळाकडे गेली त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती विवियन बोस होते. त्यांची न्यायाधीश म्हणून कारकीर्द नागपुरात घडली होती. पटेल यांनी नोकरी सोडली. मुंदडा फसवणुकीच्या खटल्यांत तुरुंगात गेला.

स्वातंत्र्यानंतर आर्थिक गैरव्यवहारावरून केंद्रीय मंत्रिमंडळातल्या इतक्या वजनदार मंत्र्याला पायउतार व्हावे लागल्याचे हे पहिलेच मोठे उदाहरण. ते घडवले सत्ताधारी पक्षाच्या सभासदाने, आणि दुखावला गेला तो त्याचा सासरा. नेहरूंना अर्थमंत्री प्रिय होते. चौकशी ज्या रीतीने जाहीरपणे चालली ती त्यांना रुचली नव्हती. फिरोझ त्या काळात पंतप्रधानांच्या निवासात राहत नसत, सभासद म्हणून मिळालेल्या आपल्या वेगळ्या घरी राहत. तेथे त्यांनी गुलाब लावले होते, लाकूडकाम करण्याचा त्यांना छंद होता आणि मुले भेटायला आली की त्यांच्यासाठी ते खेळणी करीत. संसार दोन घरांत वाटला गेला होता. याबद्दल पुष्कळ चवीने लिहिले गेले आहे. त्यात शिरण्याची मला इच्छा नाही. प्रश्न विचारण्याची किंमत त्यांनी सभागृहात कमी आणि घरी जास्त मोजली, एवढे मात्र दिसते.

त्यांची तपासणी आपल्या-परक्यांत भेद करीत नसे. टाटांच्या टेल्को कारखान्याकडून रेल्वे जी इंजिने घेई त्यांची किंमत जपानी इंजिनांच्या जवळजवळ दुप्पट पडते, असे दाखवून त्यांनी त्या कारखान्याच्याच राष्ट्रीयीकरणाची मागणी केली. मुंबईच्या पारशी समाजात यामुळे केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करावी. १९५९ साली केरळातले लोकांनी निवडून दिलेले साम्यवादी सरकार बडतर्फ झाले तेव्हाही ते पक्षाच्या आणि पत्नीच्या विरुद्ध बाजूला होते. म्हणून ते निव्वळ विरोधासाठी विरोध करणारे होते असे मात्र नव्हे. १९५८ साली सार्वजनिक क्षेत्रात तेलशुद्धीकरणाची जी कंपनी निघाली तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले होते. सरकारी उद्योगावर त्यांचा विश्वास होता. म्हणूनच त्यातली चोरी त्यांना अधिक बोचत असावी.

त्यांच्या कामात उणिवा नव्हत्या असे नाही. कागदांत जे सापडले ते त्यांनी मांडले, पण धनिकांचा पैसा पक्षांच्या निवडणूक निधीत कोणत्या वाटेने येतो, या मुळाशी त्यांना कायमचा उपाय करता आला नाही. दोन व्यक्ती तुरुंगात गेल्या, एक मंत्री गेला. तो मंत्री १९६२ साली पुन्हा मंत्रिमंडळात आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाला. ते पाहायला फिरोझ नव्हते.

१९५८ मध्ये त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्यातून ते सावरले, पण पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. सप्टेंबर १९६० मध्ये दुसरा झटका आला आणि ८ तारखेच्या सकाळी दिल्लीच्या विलिंग्डन इस्पितळात त्यांचा अंत झाला. अठ्ठेचाळीस वर्षे पुरी व्हायला चार दिवस उरले होते. अंत्ययात्रेला इतकी गर्दी लोटली की सासऱ्यालाही तिचे आश्चर्य वाटले असे सांगतात. दहन हिंदू पद्धतीने झाले. अस्थींचा काही भाग अलाहाबादच्या पारशी दफनभूमीत ठेवला गेला. रायबरेलीला त्यांच्या नावाचे कॉलेज आहे.

त्यांच्या कायद्याची कथा पुढे चालू राहिली. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, संसदेच्या वृत्तान्ताला संरक्षण देणारा तो कायदा वटहुकमाने रद्द झाला आणि १९७६ च्या आरंभी त्यावर संसदेची मोहोर उमटली. तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या आणि लोकसभेत त्या रायबरेलीच्याच प्रतिनिधी होत्या. १९७७ साली जनता पक्षाच्या सरकारने तो जवळजवळ जसाच्या तसा परत आणला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्याला ३६१-अ या कलमाच्या रूपाने घटनेतच जागा मिळाली. कायदा परत आणणाऱ्या त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते एच. एम. पटेल. ज्यांचा पत्रव्यवहार फिरोझ यांनी वीस वर्षांपूर्वी वाचून दाखवला होता तेच हे गृहस्थ. इतिहासाच्या प्राध्यापकांनी मला हे प्रथम सांगितले तेव्हा मी पुस्तक उघडून खात्री करून घेतली.

आजोबांची पॉलिसी १९८३ साली पुरी झाली. पैसे परभणीच्या कचेरीतून धनादेशाने मिळाले. त्यातून माळवद उतरवून घरावर पत्रे घातले आणि उरलेल्या पैशातून आजीला पाटल्या केल्या. मूळ कागद जमा करून घेतला होता. पेटीत आहे ती पॉलिसी दुसरी, आत्याच्या लग्नासाठी काढलेली, आणि तिचे शेवटचे तीन हप्ते भरायचे राहून गेले आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत मी येलदरी कॅम्पवर गेलो होतो तेव्हा आजोबांना फिरोझ गांधींचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा विचारून घेतले आणि तो पारशी होता का, असे विचारून पुन्हा धरणाकडे बघत बसले.